अंडपिशवी कुणी सांभाळायची?

शाळा-महाविद्यालयांतून कोळ्यांविषयी बोलायला गेलो की अलीकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : टॅरॅन्टुला पाळता येतो का? उदगीरसारख्या ठिकाणीही तो येतो, यात आश्चर्य नाही. तळहाताएवढा केसाळ कोळी काचेच्या पेटीत बसला आहे, लांब चिमट्याने कुणीतरी त्याच्याखालून पांढरा गोळा काढून घेते, तो गोळा बरणीत ठेवते आणि काही आठवड्यांनी त्यातून शेदोनशे पिल्ले बाहेर पडतात, अशी दृश्ये मुलांनी पडद्यावर पाहिलेली असतात. ती पाहून मुलांचा (आणि खरे सांगायचे तर पुष्कळशा शिक्षकांचाही) असा समज होतो की कोळ्याची अंडपिशवी म्हणजे कोंबडीचे अंडे. ऊब दिली, दिवस मोजले की पिल्लू तयार. हा समज बरोबर नाही. अंडपिशवी ही आईवाचून पुरी होणारी वस्तू नव्हे. ती का नव्हे, हे समजून घेण्यासाठी मात्र टॅरॅन्टुला विकत आणण्याची गरज नाही. त्यासाठी लागणारा कोळी उदगीरच्या शिवारात सोयाबीनच्या दोन तासांमधल्या जमिनीवर पळताना सापडतो.

आता नावाची थोडी गंमत सांगायला हवी. 'टॅरॅन्टुला' हा शब्द इटलीच्या दक्षिणेकडील तारान्तो या गावावरून आला. तिथल्या शेतकऱ्यांची अशी समजूत होती की एक विशिष्ट कोळी चावला की माणसाने बेभान होऊन नाचावे, तरच विष उतरते. तो कोळी पुढे 'लायकोसा टॅरॅन्टुला' या शास्त्रीय नावाने ओळखला जाऊ लागला. लिनेयस याने १७५८ मध्येच त्याची नोंद केलेली आहे. हा कोळी 'लायकोसिडी' कुळातला, म्हणजे जाळ्यात वाट पाहत न बसता जमिनीवर धावून भक्ष्य पकडणाऱ्या लांडगा-कोळ्यांपैकी होय. पुढे युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथले प्रचंड केसाळ कोळी पाहून दचकले आणि भीती वाटायला लावणारे जे नाव त्यांच्या तोंडी होते ते त्यांनी या परक्या प्राण्यांना देऊन टाकले. आज टॅरॅन्टुला म्हणतात ते 'थेराफोसिडी' कुळातले कोळी मूळच्या टॅरॅन्टुलाचे जवळचे नातलग नाहीतच. मूळच्या टॅरॅन्टुलाची भावंडे मात्र आपल्या बांधावर आहेत.

ती ओळखणे सोपे आहे. मातकट, करडा रंग. पाठीवर फिकट पट्टे. पळण्याचा वेग मोठा. डोळे आठ. पुढे चार बारीक डोळ्यांची एक ओळ, तिच्या वर दोन मोठे डोळे आणि त्यांच्या मागे आणखी दोन. या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, जसा गाईच्या किंवा मांजराच्या डोळ्यात असतो. रात्री बॅटरी कपाळाला टेकवून, नजरेच्या रेषेत धरून बांधावरून पाहिले तर गवतात हिरवट ठिणग्या दिसतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक कोळी. विद्यार्थ्यांना हे एकदा दाखवाच. पण पायात बूट आणि हातात काठी असू द्या, कारण घोणस आणि फुरसे हेही त्याच वेळी फिरत असतात. याच कुळातला 'हिपासा' हा कोळी जमिनीलगत चादरीसारखे जाळे विणतो आणि त्याला एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखे बीळ ठेवतो. दव पडलेल्या सकाळी हरभऱ्याच्या रानात किंवा किल्ल्याच्या खंदकाकडेच्या गवतात जी पांढरी रुमालाएवढी जाळी पसरलेली दिसतात, त्यांतली पुष्कळशी याची असतात. भारतातल्या लांडगा-कोळ्यांची पद्धतशीर नोंद हवी असेल तर बी. के. टिकादर आणि एम. एस. मल्होत्रा यांनी 'फॉना ऑफ इंडिया' मालेत १९८० मध्ये केलेले काम पाहावे. टिकादर यांनी त्यातला बराचसा अभ्यास पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात असताना केला.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत यांतल्या काही माद्यांच्या पोटाच्या टोकाला एक गोळी चिकटलेली दिसते. लहान जातीत ती ज्वारीच्या दाण्याएवढी, मोठ्या जातीत हरभऱ्याएवढी असते. रंग पांढरट, निळसर किंवा मळकट. हीच अंडपिशवी. ती कशी तयार होते ते पाहिले तर तिच्यात किती हिशेब आहे ते कळते. मादी आधी धाग्यांची एक चकती विणते. तिच्यावर अंड्यांचा ओलसर पुंजका घालते. त्यावर धाग्यांचे दुसरे आवरण घालते. मग खालची चकती जमिनीपासून सोडवून तिच्या कडा वर वळवून शिवते आणि सारा गोळा पायांत फिरवत गोल करते. म्हणून पिशवीच्या मधोमध, पृथ्वीच्या विषुववृत्तासारखी, एक शिवण राहते. साध्या भिंगातूनही ती दिसते. या शिवणीचे काम पुढे येईल, तिच्याकडे लक्ष ठेवा. पिशवी तयार झाली की मादी ती पोटाच्या टोकाशी असलेल्या सूत काढणाऱ्या बोंडांना धाग्याने जोडते आणि तिच्यासकट शिकार करत हिंडते.

आत काय चालते? अंड्याचे कवच अगदी मऊ असते. त्यातून जे बाहेर पडते ते पिल्लू म्हणावे असे नसते. त्याला पाय असतात पण चालता येत नाही, तोंड असते पण खाता येत नाही. पोटात उरलेल्या बलकावर ते जगते. टॅरॅन्टुला पाळणारे लोक या अवस्थेला 'पाय फुटलेली अंडी' म्हणतात, आणि हे वर्णन फार नेमके आहे. पिशवीतच ते एकदा कात टाकते, तेव्हा कुठे त्याला कोळ्याचे रूप येते. या साऱ्याला उबदार दिवसांत दोन ते चार आठवडे लागतात. एवढे दिवस ही मऊ अंडी आणि हे असहाय जीव सुकू नयेत, कुजू नयेत, फार तापू नयेत आणि गारठूही नयेत, यासाठी धाग्याचे कापड एकटे पुरत नाही. कापड पाऊस अडवील, पण ते चालत सावलीत जाऊ शकत नाही. ते काम आईचे.

फ्रान्समधील कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी बिळात राहणाऱ्या लायकोसाचे जे निरीक्षण केले ते इथे आठवते. ऊन आले की मादी बिळाच्या तोंडाशी उलटी बसे, मागच्या पायांनी पिशवी बाहेर उन्हात धरी आणि हळूहळू फिरवत राही, म्हणजे सर्व बाजूंना सारखी ऊब मिळे. ऊन गेले की पिशवीसह आत. तीन-चार आठवडे रोज हाच क्रम. फाब्र यांनी आणखी एक खोडसाळ प्रयोग केला. त्यांनी पिशवी काढून घेऊन त्याच आकाराची बुचाची गोळी दिली. मादीने ती घेतली, पोटाला लावली आणि तिचीही तितकीच काळजी घेतली! दुसऱ्या मादीची पिशवीही तिला चालली. म्हणजे आईला आपली अंडी ओळखता येत नाहीत, हे खरे. पण यावरून तिला 'मूर्ख' ठरवण्याची घाई करू नये. निसर्गात तिच्या पायांशी बुचाची गोळी कधी येत नाही. गोल, हलके, धाग्यात गुंडाळलेले जे काही जवळ असेल ते तिचेच असते. एवढी ओळख तिला पुरते. देवणी गाय वासराला चाटून, वास घेऊन ओळखते, कारण कळपात वासरे अनेक असतात. कोळ्याला ती गरज नाही. वर्तन गरजेपुरते असते, हे वर्गात समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता शिवणीकडे येऊ. दिवस भरत आले की पिशवी थोडी फुगते, शिवण सैल आणि फिकट होते. तरी पिल्लांना ती सहसा स्वतः फोडता येत नाही. आई आपल्या विषदंतांनी शिवणीवर चावे घेत फट पाडते आणि पिल्ले एकामागून एक बाहेर येऊन तिच्या पायांवरून पाठीवर चढतात. जात लहान असेल तर तीस-चाळीस, मोठी असेल तर शंभरांवर. मादीच्या पोटावरचे केस यासाठी खास असतात. जेरोम रोव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की हे केस टोकाला गाठीसारखे असून पिल्ले त्यांनाच धरून बसतात. खाली पडलेले पिल्लू पायावरून पुन्हा वर येते. लहान जातींत ही स्वारी आठवडाभर चालते. फाब्र यांच्या मोठ्या लायकोसाने मात्र पिल्ले सात महिने वागवली. या काळात पिल्ले पाणी पितात, पण खात नाहीत.

म्हणजे अंडी घातल्यापासून पिल्ले उतरेपर्यंत हे सगळे बिऱ्हाड एका जिवावर अवलंबून असते. ती मेली तर कितीही चांगली विणलेली पिशवी असली तरी आतली पिल्ले शिवणीच्या आतच मरतात. सोयाबीनवर अळीसाठी फवारा मारतो तेव्हा तो जमिनीवर धावणाऱ्या या मादीवरही पडतो. पानावरची अळी पुन्हा येते, कारण तिचा पतंग उडत दुसऱ्या शेतातून येऊन अंडी घालतो. अळ्या, तुडतुडे खाणाऱ्या कोळ्याची पुढची पिढी मात्र त्याच शेतात पाठीवर होती. फवारणी करू नये, असे आम्ही म्हणत नाही. संकटातल्या शेतकऱ्याला तसे सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. पण गरज नसताना, शेजाऱ्याने मारला म्हणून मारलेला फवारा कुणाचा नाश करतो ते विद्यार्थ्यांना माहीत असावे. याच ओघात आणखी एक. अंगावर रेषेसारखा लाल पुरळ उठला, फोड आले की 'कातीण मुतली' म्हणतात. कोळ्याच्या अंगी हा गुण नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा 'पेडेरस' नावाचा लहानसा तांबडा-काळा भुंगेरा अंगावर चिरडला की असे फोड येतात. शिक्षा मात्र कातिणीला होते.

शत्रू फक्त फवारा नाही. काही बारीक गांधीलमाश्या पिशवीतच आपली अंडी घालतात. 'मँटिस्पिड' नावाच्या कीटकाची अळी तर कोळ्याच्या अंगावर चढून बसते, पिशवी विणली जात असताना आत शिरते आणि आई जिची राखण करत असते त्या पिशवीतच अंडी शोषत वाढते.

एवढी तयारी झाल्यावर केसाळ टॅरॅन्टुलाकडे जाऊ. तिथेही आईच पिशवी सांभाळते, पण हिंडत नाही. बिळात किंवा झाडाच्या ढोलीत ती धाग्याच्या गादीवर अंडी घालते, गादी गुंडाळून लिंबाएवढा किंवा त्याहून लहान गोळा करते आणि विषदंत व तोंडाजवळच्या आखूड पायांसारख्या अवयवांत धरून बसते. अधूनमधून ती तो फिरवते. या काळात ती बहुधा खात नाही. पाळणाऱ्यांची अडचण इथेच सुरू होते. पेटीला धक्का लागला, उजेड पडला, माणसाची सतत ये-जा असली की मादी बिथरते आणि पुष्कळदा पिशवी खाऊन टाकते. म्हणून अनेकजण साधारण महिनाभराने पिशवी काढून घेतात.

काढून घेतली की आईची सगळी कामे आपल्या माथी येतात. बंद डब्यात तळाशी पाणी किंवा ओले कापड ठेवून वर ताणलेल्या जाळीदार कापडाच्या झोळीत पिशवी ठेवावी लागते. ओल हवी पण थेंब पडता कामा नये. उष्णता पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या आसपास. दिवसातून तीन-चार वेळा, रात्र धरून, पिशवी हलकेच वळवायची. न वळवल्यास तळाची अंडी वरच्या भाराने चेपतात, एकमेकांना चिकटतात, बुरशी धरतात. एका अंड्याला लागलेली बुरशी दोन दिवसांत सगळ्या पुंजक्यात पसरते. पिल्ले तयार झाली की दुसरा प्रश्न : ती काही काळ एकत्र राहतात आणि मग एकमेकांना खाऊ लागतात. त्यामुळे शंभर पिल्ले म्हणजे शंभर लहान बाटल्या, प्रत्येकीला हवेसाठी भोके, प्रत्येकीत ओलसर मातीचा थर, आठवड्यातून एक-दोनदा पिल्लाच्या पोटाहून लहान भक्ष्य, आणि कात टाकताना काहीही नाही, कारण मऊ पडलेल्या पिल्लाला तेच भक्ष्य कुरतडते. आमचे मत विचाराल तर पिशवी शक्यतो आईजवळच राहू द्यावी, पेटी अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात हलवावी आणि आपण हात बांधून बसावे. अनुभवी माणसाने महिन्यानंतर ती काढली तर समजू शकते; पहिल्या पंधरवड्यात हौसेने काढणे म्हणजे ती वाया घालवणे.

ही हौस फुलवणाऱ्या कोळ्यांपैकी एक आपल्या शेजारचाच आहे. आंध्र प्रदेशातल्या गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडांत सापडलेल्या एका निळ्या कोळ्याचे वर्णन आर. आय. पोकॉक यांनी १८९९ मध्ये 'पोइसिलोथेरिया मेटॅलिका' या नावाने केले. नंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत त्याची हजारो पिल्ले वाढली, आणि इथल्या जंगलात मात्र तो अत्यंत धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया ही सबंध प्रजाती वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा यादीतले प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यातही आले. तेव्हा 'टॅरॅन्टुला पाळता येतो का' या प्रश्नाला आमचे उत्तर असे : रानातून पकडून आणू नका आणि कुणी आणून विकत असेल तर घेऊ नका. शिवाय या प्रजातीच्या दंशाने स्नायूंत गोळे येतात आणि ते कित्येक दिवस टिकतात, हेही मुलांच्या कानावर घालावे.

शाळेत पाळायचा तो लांडगा-कोळी, आणि तोही पाहुणा म्हणून. पिशवी असलेली मादी दिसली की तिच्यावर रुंद तोंडाची काचेची बरणी पालथी घालावी, खालून पुठ्ठा सरकवावा; बोटांनी धरू नये. दंश प्राणघातक नाही, पण दुखतो. बरणीत चार-पाच सेंटिमीटर माती, एका बाजूला ओलसर, दुसऱ्या बाजूला कोरडी. पाण्यासाठी ओल्या कापसाचा बोळा, तोंडावर पातळ कापड आणि रबर. दोन-तीन दिवसांनी एखादी माशी किंवा लहान नाकतोडा. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढावा. बरणी उन्हात ठेवायची नाही, काच तापून आत भट्टी होते. त्याऐवजी एका बाजूला थोड्या अंतरावर विजेचा साधा गरम होणारा दिवा सकाळी तासभर लावावा आणि मादी पिशवी कुठे नेते, ऊब घेते की टाळते, ते दर दहा मिनिटांनी लिहावे. लिहिणारे विद्यार्थी दोन असावेत. एकाची वही दुसऱ्याने पाहू नये. फाब्र यांचा बदलाबदलीचा प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांनी एखाद्या वेळी करायला हरकत नाही, पण तासाभरात खरी पिशवी परत द्यावी.

कधी कधी आई मेलेली आणि पिशवी तशीच, असेही सापडते. तेव्हा काय करायचे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः सुचवायला हवे. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यात लागतात. ओलसर कापसाजवळ, पण कापसाला न टेकवता, लहान डबीत पिशवी ठेवून ती दिवसातून काही वेळा वळवावी. शिवण सैल दिसू लागली की बारीक सुईने एका बाजूला किंचित फट पाडून भिंगातून आत पाहावे. आत पांढरे, न हलणारे जीव दिसले तर घाई झाली. फट तशीच झाकून आणखी काही दिवस थांबावे. करडे, पाय हलवणारे दिसले तर वेळ आली. पाठीवर पिल्ले असलेली दुसरी मादी मिळाली तर ही पिल्ले तिच्याजवळ सोडून पाहावीत. मोजत न बसता ती त्यांनाही वर चढू देते.

पिल्ले पाठीवरून उतरून काचेवर चढू लागली की ती सोडण्याची वेळ झाली. सकाळी ऊन आल्यावर, वारा मंद असताना बरणी बांधावरच्या गवतात आडवी ठेवून उघडावी. काही पिल्ले गवताच्या टोकाशी जाऊन पोट वर करतात, एक बारीक धागा हवेत सोडतात आणि त्या धाग्यासह उडून जातात. हे उड्डाण केवळ वाऱ्यावर होते असे पूर्वी मानत. ब्रिस्टल विद्यापीठातील एरिका मॉर्ली आणि डॅनियल रॉबर्ट यांनी २०१८ मध्ये दाखवले की कोळ्यांना हवेतले विद्युतक्षेत्र जाणवते आणि वारा नसतानाही त्याच्या जोरावर ते वर उचलले जाऊ शकतात. त्यांनी प्रयोग केला तो वेगळ्या कुळातल्या लहान कोळ्यांवर. आपल्या बांधावरची पिल्ले कोणत्या हवेत उडतात, कोणत्या दिवशी नुसती बसून राहतात, याची नोंद मुलांनी करावी.

मादीला मात्र लगेच सोडू नका. अनेक जातींत तिच्या शरीरात साठवलेले नराचे बीज शिल्लक असते आणि नर पुन्हा भेटला नाही तरी ती दुसरी पिशवी विणते. खायला नीट दिले तर एखाद्या सकाळी बरणीत तिने चकती विणायला घेतलेली दिसेल. पहिल्या वेळी जे पाहायचे राहून गेले होते ते, शिवणीसकट, तेव्हा सुरुवातीपासून पाहता येईल.